घशाचं सर्टिफिकेट

नोव्हाय, ९ सप्टेंबर २०२४

मोरूदादा, नमस्कार, आणि आधी भांडण.

चार महिन्यांत तुझं एक पत्र नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, ईमेल तू उघडत नाहीस, व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे पाठवतोस. जन्मभर लोकांचे कान-घसे तपासलेस आणि आता स्वतःच्या कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये टाकून बसलायस, असं तुझा ईशान सांगत होता. मामेभाऊ आहेस आणि वयाने मोठा आहेस म्हणून सोडते. पण पत्राला पत्र आलंच पाहिजे.

तर बातमी. आमच्या टाउनहाउसच्या रांगेत अगदी लागून एक इटालियन बाई राहायला आल्यात. ओर्नेला तोनेल्ली. येत्या फेब्रुवारीत ऐंशीच्या होतील. ऑपेरात गायच्या, सोप्रानो होत्या, म्हणजे बायकांमधला सगळ्यात वरचा आवाज. पहिल्याच दिवशी मी पोह्यांची डिश घेऊन गेले तर म्हणाल्या, यात लिंबू आहे, घशाला चालत नाही, पण द्या. आणि सगळे खाल्ले. आता मी त्यांना ओर्नेलाच म्हणते, ती मला पाद्मा म्हणते.

इथल्या इटालियन क्लबला तिच्या वाढदिवसाला तिच्या आयुष्यावर एक पुस्तिका काढायची आहे. मी अठ्ठावीस वर्षं गाड्यांची मॅन्युअल्स लिहिली हे कळल्यावर तिने मलाच धरलं. गिरीश म्हणतो, ब्रेक ऑइल कधी बदलायचं ते लिहिणारी बाई आता गाण्यावर लिहिणार. लिहीन की. रोज सकाळी दहा वाजता तिच्याकडे जाते, ती सांगते, मी टिपून घेते.

मांतोव्हाजवळच्या गावात वडील सायकली दुरुस्त करायचे. आई घरोघरी शिवण शिवायची. एका फिरत्या ऑपेरा कंपनीबरोबर एकोणतिसाव्या वर्षी अमेरिकेत आली आणि राहिली. पुढे कितीतरी वर्षं नुसती 'कव्हर' होती. म्हणजे मुख्य गायिका आजारी पडली तर उभी राहायची ती. मुख्य गायिका काही आजारी पडेना. आणि मग, दादा, तुमच्या मिनिॲपोलिसला, ३ फेब्रुवारी १९८५ च्या रविवारी दुपारच्या खेळाआधी तिथल्या ऑपेरा कंपनीच्या डॉक्टरने मुख्य गायिकेला थांबवलं आणि ओर्नेला गायली. तिचं पुढचं सगळं त्या एका दुपारमुळे आलं. ती म्हणते, डॉक्टर इंडियन होता, तरुण, हात गार होते.

तू त्या कंपनीचा घशाचा डॉक्टर होतास ना रे काही वर्षं? रत्नावहिनी सांगायची, रविवारी हा गायकांच्या तोंडात टॉर्च मारायला जातो म्हणून. तूच का तो?

तुझी पद्मा


ईडन प्रेरी, २१ सप्टेंबर २०२४

चि. पद्मा,

अनेक आशीर्वाद. मशीन ड्रॉवरमध्ये आहे कारण त्यातून माणसांपेक्षा फ्रिज जास्त ऐकू येतो. ईशानला सांग, ऐंशीचा झालास की बोल.

त्या कंपनीत मी तीन सीझन होतो हे खरं. कंपनी कधीच बंद पडली. पण घसे किती पाहिले आणि कुणाचे, आता काय आठवणार? एखादी इटालियन कव्हर असेलही. मला आठवत नाही. पुस्तिकेत 'कंपनीचे डॉक्टर' एवढंच लिही, नावाची काही गरज नाही.

कव्हर म्हणजे काय ते मात्र नीट लिही, लोकांना माहीत नसतं. पूर्ण भूमिका पाठ करायची, रोज तालमीला बसायचं, खेळाच्या दिवशी थिएटरपासून दहा मिनिटांच्या आत राहायचं, आणि बहुतेक काहीच घडत नाही. पगार मिळतो तो तयार राहण्याचा. तिला सरावाला चांगली खोलीसुद्धा देत नाहीत. जिन्याखाली हीटर नसलेल्या खोलीत बसायचं, गळ्याला तो हिरवा स्कार्फ गुंडाळायचा, आणि जे गाणं आपल्या वाट्याला येणार नाही ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण आवाजात म्हणायचं. वर स्टेजवर दुसरीच कुणी गात असते. असं वर्षानुवर्षं.

इथे थंडी सुरू झाली. रत्ना गेल्यापासून बागेकडे कुणी बघत नाही, टोमॅटो वेलीवरच गेले. गिरीशरावांना नमस्कार.

तुझा मोरूदादा


नोव्हाय, ६ ऑक्टोबर २०२४

मोरूदादा,

म्हणे आठवत नाही! हिरवा स्कार्फ मी तुला लिहिलाच नव्हता. जिन्याखालची खोलीही नाही. तो स्कार्फ अजून आहे तिच्याकडे, आईने विणलेला, पार विरलाय. पकडला गेलास, डॉक्टर. आता मुकाट्याने सांग, प्रेमात होतास ना? मी कुणाला सांगणार नाही. रत्नावहिनी असती तर तिनेही हसून सोडलं असतं.

तुझं पत्र मी ओर्नेलाला वाचून दाखवलं. दचकू नकोस, मराठीतच. त्याचं असं झालं की माझ्या हातात पाकीट बघून ती म्हणाली, तुमच्या भाषेत मोठ्याने वाच, मला आवाज ऐकायचाय. तिने म्हणे रशियन आणि चेक भाषेतल्या भूमिका एक शब्द न कळता, नुसता नाद घोकून गायल्यात. म्हणून मी वाचलं. डोळे मिटून ऐकत होती, मधे कुठेतरी किंचित हसली. म्हणाली, हा माणूस श्वास सांभाळून लिहितो. तुझं पत्र आलं की आधी तिच्याकडे जायचं आणि तिच्या टेबलावरच फोडायचं, असा नियमच करून टाकलाय तिने.

आता जे ऐकलं ते सांगते. इटलीत तुझ्या खात्याचा एक संत आहे, सान ब्याजो, घशाचा. त्याचा दिवस ३ फेब्रुवारी. त्या दिवशी चर्चमध्ये दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून आशीर्वाद देतात. ओर्नेलाच्या आईने नवस बोलला होता की पोरीला एकदा तरी पुढे उभं राहून गाऊ दे. आणि बरोबर त्याच दिवशी त्या कॅरोलिनचा, म्हणजे मुख्य गायिकेचा, घसा बसला. आई पुढच्याच वर्षी गेली. तिने लेकीचं गाणं कधीच ऐकलं नाही. इटलीत ओर्नेला कधी पुढे उभी राहून गायलीच नाही ना. अकरा वर्षं ती डेट्रॉइट, क्लीव्हलंड, सिॲटल अशी गात फिरली, नायिका म्हणून, आणि गावातल्या लोकांना वाटायचं ही अमेरिकेत शिवणकाम करते. एक्कावन्नाव्या वर्षी आवाज गेला. मग शिकवण्या.

ती म्हणते, मी मोठी गायिका नव्हते, मला नशिबाने संधी मिळाली. हे वाक्य पुस्तिकेत पहिलं हवंय तिला. मी म्हटलं, अगं, अकरा वर्षं कोण नशिबावर गातं? ऐकत नाही. दर ३ फेब्रुवारीला संताचे आभार मानते आणि दर ख्रिसमसला कॅरोलिनला कार्ड पाठवायची, 'तुझा घसा आता बरा असेल' असं लिहून. कॅरोलिन नऊ वर्षांपूर्वी वारली.

आणि त्या डॉक्टरबद्दल ती रोज विचारते. असा एक दिवस जात नाही. मी अजून काही बोललेले नाही. तू हो म्हण, मग बोलते.

पद्मा


ईडन प्रेरी, १९ ऑक्टोबर २०२४

चि. पद्मा,

हे पत्र वाच आणि फाडून टाक. गिरीशरावांनाही दाखवू नकोस.

हो, मीच. आणि संताने काही केलेलं नाही.

त्या रविवारी बारा वाजता कॅरोलिन रूटीन चेकअपला आली. सकाळपासून घसा ड्राय वाटतोय म्हणाली. मी लॅरिंक्स पाहिला. कॅरोलिनच्या व्होकल कॉर्ड्स नॉर्मल होत्या. परफेक्टली नॉर्मल. चघळायला दोन लोझेंजेस देऊन पाठवायला हवं होतं. मी सर्टिफिकेटवर लिहिलं, कॉर्ड्स स्वोलन, अनफिट टु सिंग. कॅरोलिन रडायला लागली. म्हणाली, डॉक्टर, मला तर ठीक वाटतंय. मी तिला सांगितलं, आज गायलात तर व्हॉइस परमनंटली जाईल. मी तिला घाबरवलं, पद्मा. एका डॉक्टरने. न्यूयॉर्कहून ऑपेरातला एक मोठा माणूस त्या दिवशी खास तिला ऐकायला आला होता आणि ते मला माहीत होतं.

का केलं, ते तू ओळखलंसच. तीन सीझन मी दर रविवारी अर्धा तास आधी जायचो. जिन्याखालच्या खोलीबाहेर बाकावर बसायचो, हातात जर्नल धरून. आत ओर्नेला प्रॅक्टिस करायची. वर कॅरोलिन चांगलं गायची, अगदी करेक्ट. पण आत जे चालायचं त्याने माझ्या हातातलं पान उलटायचं राहून जायचं. मी तिच्याशी हॅलोपलीकडे एक शब्द बोललो नाही. घरी रत्ना होती, ईशान दोन वर्षांचा होता. रत्नाशी माझा संसार चांगला झाला, त्यात खोट नाही. पण तो बाक मी तिला कधी सांगितला नाही.

त्या दुपारी मी विंगेत उभा राहिलो. ओर्नेलाने पहिला सूर लावला आणि मला वाटलं, बरं केलं. यातलं सगळ्यात वाईट हेच आहे. चाळीस वर्षं झाली, कॅरोलिनला पुढच्या सीझनचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं नाही, तिचा थ्रोट अनरिलायबल आहे असं सगळीकडे पसरलं, ती गाणं सोडून शाळेत शिकवायला लागली. हे सगळं मला कळत होतं. तरी आजही तो सूर आठवला की वाटतं, बरं केलं. मे महिन्यात मी कंपनी सोडली. रत्नाला सांगितलं, हॉस्पिटलमध्ये कामाचा लोड वाढलाय.

रेडिओवर तिचं एकदा ब्रॉडकास्ट झालं होतं, त्याची कॅसेट मी गाडीत पंधरा वर्षं वाजवली. आता वाजवून उपयोग नाही. म्हातारपणी कान जातात तेव्हा वरचे सूर आधी जातात. एवढं शिक्षण घेतलं, हे माझ्याच बाबतीत होईल असं वाटलं नव्हतं.

तिला भेटावंसं वाटतं. रोज वाटतं. डेट्रॉइटला ती गायची तेव्हा दोनदा तिकीट काढून कॅन्सल केलं. समोर गेलो तर खरं सांगावं लागेल, आणि खरं सांगितलं तर तिचा तो एक दिवस जाईल. म्हणून ओर्नेलाला यातलं काही कळता कामा नये. तिला तिच्या संताबरोबर राहू दे.

मोरूदादा


नोव्हाय, २ नोव्हेंबर २०२४

दादा,

कसं लिहू तेच कळत नाही. तिला कळलं. माझ्यामुळे.

तुझं पाकीट आलं, नेहमीप्रमाणे मी दहा वाजता तिच्याकडे घेऊन गेले आणि तिच्या टेबलावरच फोडलं. आधी डोळ्याखालून घालायला हवं होतं, नाही घातलं. 'फाडून टाक' ही पहिलीच ओळ मोठ्याने वाचून बसले. तिथेच थांबायला हवं होतं. पण ती डोळे मिटून बसलेली, मला वाटलं, एकदम थांबले तर विचारेल काय झालं म्हणून. मराठी तर आहे, तिला काय कळणार, असं म्हणून मी वाचत गेले. आणि पुढे मी स्वतःच इतकी हरवले, की शेवटपर्यंत वाचून झाल्यावरच मान वर केली.

तिचे डोळे उघडे होते. मला म्हणाली, "कॅरोलिनच्या व्होकल कॉर्ड्स नॉर्मल होत्या."

दादा, आपण काय मराठी बोलतो रे? पन्नास वर्षं इथे राहून आपल्या पत्रात नॉर्मल, सर्टिफिकेट, अनफिट, परमनंटली, जे महत्त्वाचं ते सगळं इंग्रजीत. तिला मराठीचा एक शब्द कळायची गरजच नव्हती. कॅरोलिनचं नाव होतं, तिचं नाव होतं, आणि बाकीचं तू इंग्रजीतच कबूल केलं होतंस. तेवढं जोडायला ती काही खुळी नाही. मी नाही नाही म्हणत राहिले, तर तिने नुसता हात वर केला. मग म्हणाली, मधलं सगळं आता इंग्रजीत सांग. मी सांगितलं. बाकाचंसुद्धा. खोटं बोलायला मला सुचलंच नाही.

ऐकून झाल्यावर तिने मला घरी जायला सांगितलं. तेव्हापासून दार बंद आहे. मी दारात सूप ठेवते, भांडं रिकामं परत येतं, एवढंच.

तू मला काय वाटेल ते बोल. मी चुकले.

पद्मा


ईडन प्रेरी, ९ नोव्हेंबर २०२४

पद्मा,

पत्र वाचल्यावर आधी तुझा राग आला. तासभर घरात येरझाऱ्या घातल्या. मग लक्षात आलं की चाळीस वर्षं खोटं बोललेला माणूस एका दिवसाच्या निष्काळजीपणावर रागावतोय.

तुझी चूक नाही. असलीच तर छोटी.

ती कशी आहे ते लिही. दार उघडलं का, जेवते का, काही बोलते का. एका ओळीचं लिहिलंस तरी चालेल, पण लिही. मी रोज अकरा वाजता मेलबॉक्सपाशी जातो, बर्फ असला तरी.

मोरूदादा


नोव्हाय, १ डिसेंबर २०२४

मोरूदादा,

काल दार उघडलं. तिने स्वतःच हाक मारली, सूपमध्ये मीठ कमी असतं म्हणून. मी तिथेच उभी राहून रडले. ती नाही रडली.

जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते. तुझ्यासाठी गोड करून लिहिणार नाही.

आधी कॅरोलिनबद्दल. तिने कॅरोलिनच्या मुलीला ओहायोमध्ये शोधून फोन केला आणि सगळं सांगितलं.  मुलगी म्हणाली, आई मरेपर्यंत सांगायची की त्या दिवशी माझा घसा ठीक होता, आणि आम्ही कुणी विश्वास ठेवला नाही. आम्हाला वाटायचं, हरलेलं माणूस सबबी सांगतंय. वडीलसुद्धा हसायचे. ओर्नेला म्हणाली, आणि मी त्या बाईला तीस वर्षं कार्डं पाठवली, घसा बरा आहे ना विचारत.  तुझ्यावर तिचा राग आहे, दादा, आणि खरा राग आहे.

 मी उठायला लागले तर माझा हात धरला आणि विचारलं, "तीन वर्षं तो दाराबाहेर बसला होता? आणि एकदाही आत आला नाही?"

मी म्हटलं, नाही आला.

म्हणाली, त्या खोलीत मी रोज भिंतीला गाऊन दाखवायचे. मला वाटायचं, हे जगात कुणीच ऐकत नाहीये. मी सोडून देणार होते, त्या मार्चमध्ये गावी परत जायचं ठरवलं होतं. एक माणूस ऐकतोय एवढं कळलं असतं, तर मला ती दुपार नसती मिळाली तरी चाललं असतं. आणि नंतर म्हणाली, चाळीस वर्षं नशीब नशीब म्हणत बसले. आभार मानायचे होते का शिव्या द्यायच्या होत्या, तेसुद्धा त्याने मला ठरवू दिलं नाही.

पुस्तिकेतलं पहिलं वाक्य तिने खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते अजून सांगितलेलं नाही.

आता तिचा निरोप. तुला माफी देणं तिला जमणार नाही, ती तिची नाहीच, कॅरोलिनची आहे. तू आधी कॅरोलिनच्या मुलीला पत्र लिही. स्पष्ट इंग्रजीत, तुझं नाव, डिग्री, तारीख घालून, डॉक्टर लिहितो तसं. ते तिच्या हातात पडलं की मग नोव्हायला ये. मी विचारलं, आला की काय करणार आहेस? म्हणाली, ते मी तो आल्यावर ठरवीन, पण त्याला सांग की मी ऐंशीची होतेय, पुन्हा बाकावर बसून राहू नकोस.

मुलीचा पत्ता मागे लिहिलाय.

पद्मा


ईडन प्रेरी, १४ डिसेंबर २०२४

चि. पद्मा,

पत्र गेलं. जुनं लेटरहेड शोधून काढलं, त्यावर लिहिलं. लिहायला तीन दिवस लागले आणि झाल्या चारच ओळी. ३ फेब्रुवारी १९८५ रोजी दुपारी मी तुमच्या आईला तपासलं. व्होकल कॉर्ड्स नॉर्मल होत्या, त्या गायला पूर्णपणे फिट होत्या. मी जाणूनबुजून खोटं सर्टिफिकेट दिलं. तुमच्या आई खरं सांगत होत्या. खाली सही केली. कारण लिहिलं नाही. कारण माझं आहे, त्या मुलीला त्याचं काय करायचं?

काल तिचं उत्तर आलं. पाकिटात माझ्या पत्राची फोटोकॉपी आणि एक ओळ, की मूळ पत्र तिने आईच्या फोटोच्या फ्रेममध्ये ठेवलंय. बाकी काही लिहिलेलं नाही. ना राग, ना माफी. मी ते दिवसभर टेबलावर ठेवलं आणि रात्री जेवलो नाही.

ईशान थँक्सगिव्हिंगला सनीव्हेलहून आलाय तो इथूनच काम करतोय. आज सकाळी त्याला म्हटलं, मला डेट्रॉइटचं तिकीट काढून दे. मला ऐकू यावं म्हणून तो हल्ली वहीवर मोठ्या अक्षरात लिहितो. त्याने लिहिलं, पद्माआत्याकडे? मी म्हटलं, तिच्या शेजारी. त्याने लिहिलं, कोण आहे?

जुनी पेशंट, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. सवयीने. मग म्हटलं, नाही रे. एक बाई आहे. तुझी आई असतानाच माझं तिच्यावर प्रेम होतं, तिला कधी सांगितलं नाही, आईलाही नाही. आणि तिच्यासाठी मी एक फार वाईट काम केलंय. तिला भेटायला जायचंय. तिचं गाणं आता मला ऐकू येणार नाही, आणि ती गातही नाही. तरी जायचंय.

पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. एक्केचाळीस वर्षांचा आहे, पण चेहरा एकदम लहानपणीचा झाला. मला वाटलं, आता उठून जाईल. त्याने लॅपटॉप पुढे ओढला, काहीतरी टाइप केलं. मग वही घेतली आणि इंग्रजीत लिहून माझ्यासमोर सरकवली.

आइल ऑर विंडो?

मी खिडकी सांगितली. गुरुवारी येतोय.

तुझा मोरूदादा